आवाज का बसला? : घरगुती ध्वनिवर्धकातील एका बिघाडाचा तपास

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलण्यास आजचा विषय अंमळ किरकोळ वाटेल. करंगळीच्या नखाएवढा एक काळा तुकडा, त्याला आठ पाय, आणि त्याच्यावर घेतलेला एक आळ. तो आळ खरा की खोटा, हे कसे ठरवावे, एवढाच आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे. या तुकड्याचे नाव ऑपरेशनल ॲम्प्लिफायर. बोलीत ऑप-अ‍ॅम्प, आणि दुकानात नुसते ‘आयसी’. रेडिओ, टेप, गिटारचा पेटारा, ध्वनिमुद्रणाचे टेबल, रुग्णाच्या हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारे यंत्र, अशा अनेक ठिकाणी तो बसलेला असतो. घरी हौसेने ध्वनिवर्धक बांधणाऱ्याची गाठ त्याच्याशी पहिल्या महिन्यातच पडते, आणि दुसऱ्या महिन्यात ‘आयसी गेला’ हे वाक्य त्याच्या तोंडी रुळते. हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते. त्याचा उलगडा एका उदाहरणाने करणे बरे.

उदाहरणासाठी आवडी येथील एक मराठी कुटुंब कल्पावे. आवडी हे चेन्नईच्या पश्चिमेचे उपनगर. सेंट्रल स्थानकातून अरक्कोणमच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाडीने तेथे जाता येते. मराठी कानाला हे नाव ऐकताच ‘आवड’ आठवते. त्या तमिळ नावाचा तिच्याशी काही संबंध नाही. १९५५ च्या जानेवारीत ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला, आणि हे गाव इतिहासाच्या पुस्तकात गेले. १९६१ साली येथे अवजड वाहनांचा कारखाना स्थापन झाला, आणि तेव्हापासून ते रणगाड्यांचे गाव झाले. संरक्षण खात्यातील नोकरी म्हणजे बदली आलीच. खडकी, देहूरोड किंवा वरणगाव येथून असे एखादे कुटुंब बिऱ्हाड उचलून आवडीच्या वसाहतीत येते. मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, म्हणून रोध, धारा, विभवांतर हे शब्द त्याच्या जिभेवर आहेत. सांगलीहून आजी राहायला आल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर नाट्यगीतांच्या कॅसेटची एक पिशवी आली आहे. टेप आहे, पण त्याचा ध्वनिवर्धक केव्हाच बंद पडलेला. तमिळ मुलखात, शेजारी बोलायला कोणी नसताना, त्या पिशवीचे मोल आजींना किती असेल हे वेगळे सांगावयास नको. नातू म्हणतो, ‘आजी, मी बांधतो.’ कुटुंब कल्पित आहे. बिघाड मात्र अगदी खरा, नेहमी आढळणारा आहे.

मुलाने बांधलेला भाग साधा आहे. टेपमधून येणारा क्षीण संकेत सुमारे दहापट मोठा करून पुढच्या शक्तिवर्धकाला द्यावयाचा. त्यासाठी त्याने एनई ५५३२ हा आयसी घेतला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिग्नेटिक्स कंपनीने तो बाजारात आणला, आणि पुढे जगभरच्या ध्वनिमुद्रण-टेबलांत तो वर्षानुवर्षे राबला. अजूनही तो स्वस्त आणि उत्तम आहे. विजेसाठी अधिक १५ आणि उणे १५ व्होल्टचा दुहेरी पुरवठा. टेपकडून येणाऱ्या तारेत एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे पाठ्यपुस्तकातील धारित्र. आयसीच्या तिसऱ्या पायापासून जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेकडे, एक लाख ओहमचा रेझिस्टर. आणि दहापट वाढ ठरवण्यासाठी ९.१ हजार व १ हजार ओहमची जोडी. सारे मिळून मूठभर सामान.

चालू केल्यावर गाणे लागले. आजींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. सुरुवातीचा ऑर्गन आणि तबला स्वच्छ ऐकू आला, आणि गायकाने तोंड उघडले तोच आवाज चिरकला, दबला आणि बंद झाला. बटण बंद करून पुन्हा लावले, पुन्हा तेच. आजी म्हणाल्या, ‘अरे, दर वेळी तेवढ्यातच कसा रे घसा बसतो याचा? गाणं सुरू व्हायच्या आतच!’

श्रोतेहो, या तपासातील सर्वांत मोलाचा पुरावा आजींनी पहिल्याच दिवशी हाती दिला होता. बिघाड ‘दर वेळी तेवढ्यातच’ होतो. मेलेला आयसी सहा-सात सेकंद गात नाही. पण मुलाचे लक्ष तिकडे गेले नाही. त्याने वीजपुरवठा मोजला आणि तो बरोबर निघाला: आठव्या पायावर अधिक १४.९, चौथ्यावर उणे १५.१ व्होल्ट. येथवर त्याचे पाऊल अगदी योग्य होते. पुरवठा आयसीच्या पायावरच मोजावा, पुरवठ्याच्या पेटीवर नव्हे. मधली तार तुटलेली असू शकते. दुहेरी पुरवठ्यात तर आणखी एक खाचखळगा असतो. अधिक बाजूचा ७८१५ आणि उणे बाजूचा ७९१५ दिसायला जुळे भाऊ. पण पहिल्याचा मधला पाय जमिनीचा, तर दुसऱ्याचा मधला पाय विजेच्या आवकीचा. सारखे समजून जोडणाऱ्याचा उणे पुरवठा मिळत नाही, आणि बोल लागतो ऑप-अ‍ॅम्पला.

पुरवठा ठीक, तारा ठीक दिसतात, म्हणून मुलाने निष्कर्ष काढला: आयसी गेला. दुसऱ्या दिवशी तो लोकलने सेंट्रलला उतरून अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर पोहोचला. मुंबईच्या माणसाला लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या माणसाला पासोड्या विठोबाजवळची गल्ली जशी, तशीच चेन्नईच्या हौशी कारागिराला रिची स्ट्रीट. तेथे त्याला ५५३२ ऐवजी टीएल ०७२ मिळाला. पायांची मांडणी अगदी तीच. खोबणीत बसवला, गाणे लावले, आणि कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत आवाज खणखणीत चालला. मुलाने वहीत लिहिले: ‘५५३२ खराब होता. बदलल्यावर दुरुस्त.’ जुना आयसी केराच्या टोपलीत गेला.

व्याख्यान येथेच संपावे असे वाटण्याजोगा हा शेवट आहे. बहुतेक दुरुस्त्या येथेच संपतात आणि ‘अनुभव’ म्हणून पुढच्यांना सांगितल्या जातात.

मे महिना होता. तमिळ लोक ज्याला अग्नि नक्षत्र म्हणतात ते दिवस. चेन्नईत पारा चाळिशी ओलांडतो. पुढच्या दुपारी आजींनी सलग कॅसेट लावल्या. दीडएक तास झाला, आणि एका तानेच्या मध्यावर आवाज पुन्हा चिरकला आणि बसला. आता मुलगा चिडला. दुसराही आयसी खराब! बाजारात बनावट माल येतो हे त्याने ऐकले होते, आणि ते खोटेही नाही. घासून नवे नाव छापलेले आयसी कोणत्याही मोठ्या बाजारात अधूनमधून आढळतात. त्यामुळे त्याचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण वडिलांनी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नव्हता, एवढेच विचारले, ‘दोन्ही आयसी खराब आहेत हे तुला कोणी सांगितलं? आयसीनं?’

प्रश्न थट्टेचा होता, पण नेमका होता. आयसीला विचारता येते. कसे, ते समजण्यासाठी तो काय काम करतो हे थोडक्यात पाहावे लागेल.

ऑप-अ‍ॅम्पला दोन कान असतात. एक अधिकचा, एक उण्याचा. त्याला दोन्हीकडील आवाज वेगवेगळे ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो केवळ त्या दोहोंमधील फरक. शाळेत शिकलेला ‘विभवांतर’ हा शब्द येथे कामी येतो. ‘व्होल्टेज’ म्हटले की एखाद्या ठिकाणी साठलेली वस्तू असावी असा भास होतो. ‘विभवांतर’ या शब्दातच अंतर आहे, आणि अंतर म्हटले की दोन बिंदू आलेच. व्होल्टमीटर नेहमी समांतर जोडावयाचा, ॲमीटर एकसर, हे नववीत घोकून घेतलेले वाक्यही याच अंतराचे. मराठी माध्यमातील शब्द पुढे अडचणीचे होतात अशी तक्रार पालकांकडून ऐकू येते. निदान या एका शब्दाबाबत ती खरी नाही.

हे दोन कानांमधील अंतर ऑप-अ‍ॅम्प सुमारे लाखपट मोठे करतो. अधिकचा कान किंचित वर, की निर्गम, म्हणजे बाहेर पडणारा व्होल्ट, सुसाट वर. अधिकचा कान किंचित खाली, की निर्गम सुसाट खाली. असा बेफाम प्राणी कामाला लावावयाचा तर त्याला लगाम हवा. लगाम असा: निर्गमाचा ठरावीक हिस्सा, आपल्या उदाहरणात सुमारे दहावा, उण्याच्या कानाला परत ऐकवावयाचा. मग दोन्ही कानांतील अंतर मिटेपर्यंत तो आपला निर्गम आपणच सावरतो, आणि बरोबर दहापट संकेत बाहेर येतो. ही ऋण प्रतिपोषणाची कल्पना हॅरल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेतील अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी, हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत, कामावर जाताना सुचली. हाताशी असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्याने ती तेथल्या तेथे टिपून घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्याच प्रयोगशाळेने बांधलेल्या, विमानवेधी तोफांना नेम धरून देणाऱ्या यंत्रांत निर्वात नळ्यांचे असे वर्धक गणिते करीत होते. ‘ऑपरेशनल’ हे नाव १९४७ च्या एका शोधनिबंधातून रूढ झाले; बेरीज, वजाबाकी, संकलन या गणिती क्रिया करणारा, म्हणून. तोफखान्याच्या मांडवात वाढलेले हे पोर रणगाड्यांच्या गावी आजींची नाट्यगीते वाजवीत बसले आहे. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील डेव्हिड फुलगर यांचा ७४१ आला आणि जगभरच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ठाण मांडून बसला.

आता आळाचा निकाल. आवाज बसलेल्या स्थितीत, यंत्र चालू ठेवून, मल्टीमीटरची काळी काडी शून्याच्या तारेला लावावी आणि तांबडीने तीन जागा मोजाव्यात: निर्गम, उण्याचा कान, अधिकचा कान. सुस्थितीत दोन्ही कान जवळजवळ सारखे, फार तर काही मिलिव्होल्टचा फरक, आणि निर्गम शून्याच्या आसपास असतो. बिघाडात निर्गम सहसा एका टोकाला जाऊन चिकटतो. तो चिकटलेला दिसला की लोक आयसी उपटतात. पण निर्गम चिकटणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही. पाहावयाचे ते असे: निर्गम ज्या टोकाला आहे, त्याच टोकाकडे त्याला कान ओढत आहेत काय? अधिकचा कान उण्यापेक्षा खाली असेल आणि निर्गमही खालच्या टोकाला असेल, तर आयसी आपले काम चोख बजावीत आहे. त्याला चुकीचे ऐकवले जात आहे, आणि चोर बाहेर आहे. याउलट अधिकचा कान स्पष्टपणे वर असूनही निर्गम खालीच बसून राहिला, तर आयसी खरोखर दोषी. तसे आयसी असतातही. पुरवठा उलटा जोडला गेला, कानावर सोसवेना इतका व्होल्ट आला, तर तो जातो. काही न जोडता बोट ठेवणार नाही इतका तापतो. पण त्याला सुळी देण्यापूर्वी ही साक्ष घ्यावी. आपल्याकडे म्हण आहेच: चोर सोडून संन्याशाला सुळी.

मुलाने मोजले. निर्गम उणे १३ व्होल्ट, म्हणजे अगदी तळाला. उण्याचा कान उणे १.३. अधिकचा कान, म्हणजे तिसरा पाय, साधारण उणे १.६. अधिकचा कान उण्याच्या खाली, आणि निर्गम तळाला. संन्यासी निर्दोष सुटला.

परंतु मोजताना एक चमत्कारिक गोष्ट घडली. तिसऱ्या पायावर काडी टेकवून ठेवली असता आकडा स्थिर राहीना. उणे १.६ वरून १.४, १.१, ०.८ असा तो शून्याकडे ओघळू लागला, आणि दहा-पंधरा सेकंदांत गाणे पुन्हा सुरू झाले! काडी काढली, तरी गाणे चालूच. स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या, ‘झालं का रे बरं?’

काडी लावल्याने बरे होणारा बिघाड पाहून पुष्कळ जण चक्रावतात, काही खूशही होतात. वास्तविक येथे यंत्राने आपले गुपित फोडले. जो बिंदू एखाद्या रेझिस्टरने जमिनीला नीट बांधलेला आहे, त्याला मल्टीमीटरचा स्पर्श जाणवतही नाही. मीटरचा अंतर्गत रोध एक कोटी ओहम, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच. त्या क्षीण वाटेनेसुद्धा जर त्या बिंदूचा व्होल्ट बदलत असेल, तर त्याला दुसरी वाटच नाही. तो बिंदू अधांतरी आहे.

अधांतरी का सरकतो, याचा हिशेब मोठा सुरेख आहे. ऑप-अ‍ॅम्पच्या कानात अगदी सूक्ष्म विद्युतधारा जात असते. ५५३२ मध्ये ती साधारणपणे २०० नॅनोॲम्पियर. एक लाख ओहमचा रेझिस्टर ही धारा पुरवण्यासाठीच असतो. तो तुटला, तर ती धारा येणार कोठून? कंडेन्सरमधून. एक मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर २०० नॅनोॲम्पियर म्हणजे सेकंदाला ०.२ व्होल्टचा उतार. दहापट वाढीमुळे कानावर १.३ व्होल्ट जमले की निर्गम १३ व्होल्टच्या तळाला टेकणार. १.३ ला ०.२ ने भागावे: साडेसहा सेकंद. ऑर्गन संपून गायकाने तोंड उघडावे एवढाच वेळ. आजींचे ‘दर वेळी तेवढ्यातच’ हे वाक्य म्हणजे या भागाकाराचे उत्तर होते.

आणि टीएल ०७२ ने दिलेला आराम? त्याच्या कानाची रचना निराळी. २५ अंश तापमानाला त्याची धारा सुमारे ६५ पिकोॲम्पियर, म्हणजे ५५३२ च्या तीन हजारांश. तोच उतार उतरायला कागदावर वीस हजार सेकंद, साडेपाच तास लागतात. मात्र अशा आयसीची ही धारा दर दहा अंशांनी जवळपास दुप्पट होते. बंद पेटीत, आवडीच्या मे महिन्यात, ४५ अंशांना ती चौपट. म्हणजे साडेपाच तासांचे सुमारे ऐंशी मिनिटे झाले. प्रत्यक्षात बोर्डावरची ओल, धूळ आणि कंडेन्सरची स्वतःची गळती या हिशेबात लुडबुड करतात, त्यामुळे आकडा पुढे-मागे सरकतो. पण ‘दुरुस्त’ झालेले यंत्र दीड तासाने का रुसले, याचे कारण तेच राहते. आयसी बदलल्याने रोग गेला नव्हता. त्याची चाल मंदावली होती. मल्टीमीटरची काडी ०७२ ला बरे करू शकली तीही त्याच कारणाने: ६५ पिकोॲम्पियर गुणिले एक कोटी ओहम, एक मिलिव्होल्टही नाही. ५५३२ बसवलेला असताना हाच प्रयोग केला असता, तर २०० नॅनोॲम्पियर गुणिले एक कोटी म्हणजे दोन व्होल्ट झाले असते, आणि काडी लावूनही आवाज बसलेलाच राहिला असता.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. आयसी बदलून पाहणे ही मूर्खपणाची गोष्ट नाही. खोबणी असेल तर तो मिनिटभराचा, वाजवी प्रयोग आहे. खोबणी नसेल तर मात्र दर वेळी डाख काढताना तांब्याची पट्टी उचकटते, आणि एका बिघाडाचे दोन होतात. दोष आहे तो बदललेला भाग ‘तोच’ आहे असे मानण्यात. पाय जुळले म्हणजे स्वभाव जुळत नाही. ५५३२ च्या जागी ७४१ बसवला तरी गाणे वाजेल. पण ७४१ चा निर्गम एका मायक्रोसेकंदात अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक वेगाने हलू शकत नाही. दहा व्होल्ट उंचीची लाट त्याला आठ हजार हर्ट्झच्या वर धड पेलत नाही, आणि मोठ्या आवाजात झांजा फाटक्या ऐकू येतात. तोही बिघाड नव्हे, तो त्याचा पिंड आहे. उलट, ०७२ साठी आखलेल्या मंडलात ५५३२ घातला, तर त्याच्या कानाची मोठी धारा आवाज कमी-जास्त करण्याच्या गोल नियंत्रकातून वाहू लागते, आणि ते फिरवताना खरखर येते. लोक नियंत्रक बदलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तर एक लाख ओहमचा तो रेझिस्टर. मुलाने यंत्र बंद केले, भिंतीतील प्लग काढला, पुरवठ्याचे मोठे कंडेन्सर रिकामे होऊ दिले, आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवला. २३० व्होल्टची तार ज्या पेटीत शिरते, तेथे ही सवय जिवाशी गाठ असलेली आहे. पेटी उघडी ठेवून चालू मोजमाप करावे लागले, तर एक हात खिशात ठेवण्याचा जुन्या कारागिरांचा दंडक आजही पाळण्याजोगा आहे. रेझिस्टरच्या दोन टोकांवर काड्या लावल्या: बरोबर एक लाख ओहम. म्हणजे रेझिस्टरही निर्दोष. मग एक काडी आयसीच्या तिसऱ्या पायावर आणि दुसरी जमिनीच्या तारेवर लावली. खरे तर आकडा तोच यावयास हवा. मीटरने अनंत दाखवले. वस्तू शाबूत, वाट तुटलेली.

भिंगातून पाहिल्यावर रेझिस्टरच्या जमिनीकडील पायाभोवती डाखाचा गोळा दिसला. मळकट, दाणेदार, आणि पायाभोवती केसाएवढी काळी रेघ. कारागीर याला ड्राय सोल्डर म्हणतात. डाख पायावर बसलेला असतो, त्याला चिकटलेला नसतो. वरून पाहिले तर जोड आहे. विजेला विचारले तर नाही. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. उघड्या पिशवीत त्या ओलीत राहिलेल्या सामानाचे पाय काळवंडतात आणि काळवंडलेल्या धातूला डाख धरत नाही. त्यात उन्हाळ्यात पंखा डोक्यावर भरधाव फिरत असताना, डाख निवण्याआधी हात हलला, की असा जोड तयार होतो. उपाय फार सोपा आहे. जुना डाख काढावा, पाय ब्लेडने खरवडून चकचकीत करावा, त्याला आधी पातळ डाखाचा हात द्यावा, आणि मग पाय व पट्टी दोन्ही एकदम तापवून नवा डाख ओघळू द्यावा. तीन-चार सेकंदांचे काम.

एक धोका थोडक्यात टळला होता, तोही सांगून टाकावा. निर्गमाकडून पुढच्या भागाकडे जाणाऱ्या तारेत मुलाने दहा मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घातला होता, अधिकचे टोक आयसीकडे. निर्गम उणे १३ ला चिकटला की या कंडेन्सरवर उलटा व्होल्ट चढतो. असा कंडेन्सर थोडा वेळ सोसतो, मग तापतो, गळतो, प्रसंगी फुटतो. तो नसता, तर तेच १३ व्होल्ट पुढच्या शक्तिवर्धकात गेले असते आणि तेथून कर्ण्याच्या गुंडाळीपर्यंत धोका पोहोचला असता. म्हणून निर्गम टोकाला चिकटलेला दिसला, तर ‘बघू या, होईल सुरू’ म्हणत यंत्र चालू ठेवू नये. मुलाने तो कंडेन्सर बदलला, ते बरेच केले.

मग त्याने केराच्या टोपलीतून ५५३२ शोधून काढला, त्याचे वाकलेले पाय सरळ केले आणि तो खोबणीत बसवला. गाणे लागले. ऑर्गन झाला, गायकाने तोंड उघडले, आणि पद पुढे चालले. निर्गमावर मात्र अजून उणे ०.२ व्होल्ट दिसत होते. हा नवा बिघाड नव्हता: २०० नॅनोॲम्पियर एक लाख ओहममधून वाहिले की २० मिलिव्होल्ट, त्याचे दहापट २००. एक लाखाच्या जागी २२ हजार ओहम घातल्यावर हा आकडा पंचेचाळीसच्या आसपास, मिलिव्होल्टमध्ये, उतरला. खर्जाच्या सुरांचे त्याने काही बिघडले नाही, कारण एक मायक्रोफॅरड आणि २२ हजार ओहम मिळून सात हर्ट्झच्या खालचेच काय ते अडवतात, आणि माणसाचा कान वीसच्या खाली ऐकत नाही.

वहीतील ‘५५३२ खराब होता’ ही ओळ त्याने खोडली नाही. तिच्यापुढे तीन मोजमापे लिहिली: निर्गम, उणे कान, अधिक कान. टीएल ०७२ ही चांगलाच होता. तो काडेपेटीत, कापसावर ठेवून, वर नाव लिहून कपाटात गेला. कापूस ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. स्थिर विजेच्या दृष्टीने चॉकलेटच्या वेष्टनातील चांदीचा कागद बरा. पण तोवर दुसऱ्या बाजूची कॅसेट सुरू झाली होती, आणि आजी हाक मारीत होत्या.